एका वेळी सात वेफर

मरोळच्या आमच्या प्रेसमध्ये खाऊच्या पाकिटांची लेबलं छापतात. मशीनखाली कात्रणं साठतात तसे इथे किस्सेही साठतात, आणि त्यातले निम्मे आमच्या सावंतकाकांचे. काका बावीस वर्षं मशीनवर आहेत. मी कॉम्प्युटरवर डिझाइन लावतो, मंगल पॅकिंगला. चार वाजता तिघांचा चहा एकत्र.

*

काकांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "पाकिटावरचं लेबल वाचत जा."

"वाचायचं काय? मीच छापतो."

"मग सांगा, बिस्किटात साखर किती?"

बावीस वर्षं काका प्रत्येक लेबल भिंगाखाली धरून छपाईत अक्षर फुटलंय का, एवढंच बघत आले होते. लिहिलंय काय, ते कधी वाचलंच नव्हतं. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, जरा शरमून.

*

मग वाचायला लागले ते थांबेनात. चहाबरोबर कोणी पाकीट काढलं की काकांच्या खिशातून भिंग बाहेर. मंगल बिचारी वजन कमी करायचं म्हणून महागाची मल्टिग्रेन बिस्किटं आणायची. काकांनी मागची बारीक अक्षरं वाचली.

"मैदा पहिला, साखर दुसरी. तुझी धान्यं पार शेवटी उभी आहेत गं."

मंगलने चहात बुडवलेलं बिस्किट तोंडात टाकलं. "आता भिजलंय ना, काका."

*

वेफरच्या पाकिटावर होतं, एका वेळी पंधरा ग्रॅम. काकांनी शाई तोलायच्या काट्यावर कागद ठेवून वेफर तोलले. सात भरले. प्रत्येकाला सात मोजून दिले आणि पाकिटाला रबर लावलं.

"पाकिटात सहा जणांचं आहे म्हणे," मंगल म्हणाली. "आपण तिघं. म्हणजे प्रत्येकाने दोनदा खायचंय."

रबर निघालं.

*

पुढचा किस्सा माझा, आणि तो सांगताना मला अजून वाईट वाटतं. काकांच्या वाचनाला कंटाळून मी नाक्यावरून सुटं फरसाण आणायला लागलो. साध्या पिशवीतलं, त्याला लेबलच नाही. काकाही निर्धास्त झाले. "यावर काय लिहिलेलंच नाय," म्हणत मूठ भरायचे. सात वेफर मोजणारा माणूस! दोन महिन्यांनी शुगर पहिल्यापेक्षा वर गेली आणि पायाला लागलं होतं, ती जखम भरेना. मी फरसाण बंद केलं, तर काका स्वतः आणायला लागले.

*

त्याच आठवड्यात काकी प्रेसमध्ये आल्या. भांडल्या नाहीत. माझ्याकडे कोऱ्या स्टिकरचा रोल मागितला, बस. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या डब्यावर त्यांच्या हातचं लेबल: "भाजलेले चणे. एक मूठ. मीठ थोडं. साखर नाही."

काका ते वाचायचे, डबा आमच्यापुढे सरकवायचे आणि हात फरसाणाकडे. डबा मात्र रोज रिकामा घरी जायचा, त्यामुळे काकी खुशीत. मग एकदा मंगल फोनवर त्यांना बोलून गेली, "काकी, चणे झकास असतात हां तुमचे."

*

दुसऱ्या दिवशी डब्यावरचं लेबल मोठं होतं. काका मोठ्याने वाचायला लागले आणि 'साखर नाही'पर्यंत येऊन थांबले. उरलेलं मंगलने वाकून वाचलं.

"मंगल, चणे ह्यांनाच खाऊ दे. तुला मी वेगळे पाठवीन. मला माझा माणूस हवा आहे."

काकांनी भिंग काढलं आणि लेबलावर धरलं.

"काय काका, अक्षर फुटलंय का?" मी विचारलं.

"नाय रे," काका म्हणाले आणि डबा स्वतःकडे ओढला. "साफ आलंय."