पांढरे हौद

यज्ञेश्वरला टापटिपीचं भारी वेड. वडील नगरला शाळामास्तर, आई सोवळं पाळणारी, आणि मुलगा लागला मासे वाढवायच्या नोकरीला. आंघोळ केल्याशिवाय आई त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. त्यानेही कधी वाद घातला नाही.

त्र्याहत्तर साली मुळा धरणाखालच्या एका मत्स्यबीज केंद्रावर त्याची बदली झाली. तिथले सिमेंटचे हौद शेवाळून काळेमिट्ट झालेले. आत काय चाललंय ते दिसत नसे. यज्ञेश्वरने ते खरवडून घेतले, वर पांढऱ्या सिमेंटचा हात दिला आणि रोहूची पिल्लं सोडली. आता एकेक मासा लख्ख दिसायचा. कुणी पाहुणा आला की तो हौसेने काठावर नेऊन दाखवायचा.

पिल्लं मात्र वाढेनात. अंगावरचा रंग उतरून ती फिकी पडली, कोपऱ्यात गोळा होऊन राहू लागली. काठावर माणूस आला की भिंतीवर धडका मारायची. टाकलेली पेंड तशीच तळाला बसायची. सिमेंट पाण्यात उतरत असेल म्हणून त्याने हौद पुन्हापुन्हा भरून उपसून पाहिले. फरक पडला नाही. सकाळी मेलेली पिल्लं काढल्यावर त्याला घास गोड लागेना.

एकदा खाद्य टाकणाऱ्या साळूबाईच्या हातून जुनं, काळं पडलेलं घमेलं हौदात निसटलं. ते काढायला ती वाकली आणि तशीच थांबली.

“सायेब, जरा इकडं या. समदी घमेल्यावरच येऊन बसल्यात.”

भर दुपार होती. ऊन थेट तळाला पोचलेलं, सावली कुठेच नव्हती. यज्ञेश्वरने बांबूने घमेलं दुसऱ्या टोकाला सारलं. थोड्या वेळाने पिल्लंही तिकडे गेली. तो काठावर उकिडवा बसून राहिला. आपल्याला जे स्वच्छ आणि प्रसन्न वाटतं, त्यात या जिवांना जीव लपवायला जागाच ठेवली नाही, असं त्याला वाटलं आणि फार ओशाळल्यासारखं झालं.

त्याने सिमेंटमध्ये काळा रंग कालवून एक हौद रंगवून घेतला, दुसरा पांढराच ठेवला. पिल्लं एकाच लॉटमधली, पेंडही तेवढीच. दिवाळीपर्यंत काळ्या हौदातली हातात मावेनाशी झाली. पांढऱ्यातली बोटाएवढीच राहिली.

पाहणीला आलेल्या वरिष्ठांना काळा हौद कळकट वाटला. यज्ञेश्वरने दोन्हीकडचे मासे जाळीने काढून त्यांच्यासमोर ठेवले. साहेबांनी ते उलटसुलट पाहिले.

“बाकीचेही काळे करून टाका,” ते म्हणाले. “फाटकाजवळचा एक तेवढा पांढरा असू द्या. लोक येतात बघायला.”

त्या पांढऱ्या हौदात यज्ञेश्वरने पुढे कधी मासा सोडला नाही. साळूबाई त्यात हातपाय धुवायची. तो मात्र रोज सकाळी काळ्या पाण्याशी उभा राहायचा. दिसत काही नसे. मूठभर पेंड टाकली की पाणी जागोजागी हलायचं, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं.