नॉर्बर्टचा नांगर आमच्या गॅरेजात

इथं परदेशात, कोक्विटलामला, आमच्या शेजारी नॉर्बर्ट राहतो. जर्मन माणूस. तरुणपणी लाकडाच्या व्यापारासाठी इकडे आला. पैसा हाती आल्यावर लोक बंगला घेतात, यानं जहाज घेतलं. जुनंच, पण जहाज ते जहाज. लाकूड भरून बेटांवर न्यायचं, असा बेत. पण मी इथं आल्यापासून ते धक्क्यालाच बांधलेलं. कधी वारा वाईट, कधी चंद्र वाईट. शुक्रवारी तर निघायचंच नाही, दर्यावरच्या लोकांत तो वार अपशकुनी. मला वाटायचं, असलं सगळं आपल्याकडंच असतं!

यंदा बंदरवाल्यांनी शेवटचं सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जहाज हललं नाही, तर ओढून नेऊन भंगारात मोडू. इंजिन दुरुस्त होणार शुक्रवारीच दुपारी. आणि कप्तान प्रेस्टन म्हणाला, "शुक्रवारी निघायचं तर दुसरा कप्तान बघ."

नॉर्बर्ट आमच्या किचनमध्ये येऊन बसला. एवढा धिप्पाड गडी, पण डोळे भरलेले. "आजी, माझा सगळा जन्म त्या जहाजात गेला."

"मग रडतोस काय? गुरुवारी प्रस्थान ठेव."

माझी नात ऊर्मी त्याला इंग्रजीत समजावत बसली. मुहूर्ताला निघणं जमत नसलं, की आमच्याकडं चांगला वार बघून पिशवीभर सामान शेजारी नेऊन ठेवतात. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. माणूस मागाहून निघतो.

"आजी, दॅट्स चीटिंग!"

"देवाला चालतं, तुला काय होतंय गं?"

मी पिशवी म्हटलं होतं. पण हा माणूस अर्धवट काही करत नाही. गुरुवारी ट्रक आला. गड्यांनी जहाजाचा नांगर उतरवून गॅरेजात ठेवला, विंटर टायरांच्या शेजारी. मागून प्रेस्टन, बॅग घेऊन.

"अरे, हा कशाला?"

"कप्तानही निघायला हवा ना, आजी," नॉर्बर्ट म्हणाला.

प्रस्थान परत घरी न्यायचं नसतं, हे मीच बोलून गेले होते. मग प्रेस्टन आमच्या बेसमेंटमध्ये राहिला. त्याची बायको मेलनी मागच्याच गल्लीत राहते. तिचा फोन आला, तर म्हणतो, "मी प्रवासात आहे. हो, जेवलो. भेंडीची भाजी होती."

शुक्रवारी दोघांच्या हातावर दही घातलं. प्रेस्टनची आता तक्रारच नाही, तो कालच निघालेला! भोंगा वाजला, जहाज हललं. बंदरवाले बघत राहिले. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

घरी आलो. माझा उन्मेष गाडी लावायला गेला आणि ओरडला, "आई, नांगर इथंच आहे!"

तेवढ्यात नॉर्बर्टचा फोन. "आजी, जहाज झकास चाललंय! पण थांबवायचं कशानं? इथं बेटाला धक्काच नाही!"

"परत ये आणि नांगर घेऊन जा."

मागून प्रेस्टन ओरडला, "परत आलो तर परत निघावं लागेल. आज शुक्रवार आहे!"

मग रात्रभर बेटाला फेऱ्या. सकाळी नॉर्बर्ट फोनवर म्हणाला, "आजी, आता नांगर बोटीनं आणून देता का?"

मी म्हटलं, "बाबा, आज शनिवार. शनिवारी लोखंड घेत नाहीत रे."

"बरोबर, आजी," तो म्हणाला, आणि पुढच्या फेरीला वळला.