भाकरीवरचा खळगा

आमच्या घरात अंगातल्या सगळ्या दोऱ्यांना एकच नाव होतं, शीर. रक्त वाहतं ती शीर, पोटरीत गोळा आणते ती शीर, कपाळावर उडते तीही शीरच. एवढ्या कंजूष बोलीत आम्ही सुखानं नांदत होतो.

शाळेत उर्दू जाऊन नुकतीच मराठी आली होती, तेव्हाची गोष्ट. ताडकळसच्या बाजारातून आणलेला भोपळा चिरताना विळीवर आईचा हात सटकला आणि उजव्या अंगठ्याच्या पाठीवर खोल चीर पडली. रक्ताची धार लागली. वडिलांनी हळद दाबून फडकं बांधलं. रक्त थांबलं, तसे ते म्हणाले, शीर जुळली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

जखम भरली, पण अंगठा उठेना. पंजाच्या आत मान टाकून पडलेला. तेल झालं, शेक झाला, पोखर्णीच्या देवाचा अंगारा झाला. शेवटी परभणीचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, शीर तुटली आहे. आई बुचकळ्यात पडली, रक्त तर कधीच थांबलं होतं. मग डॉक्टरांनी समजावलं. रक्ताची शीर वेगळी आणि ही पांढरी चिवट दोरी वेगळी. ती मांसाला हाडाशी बांधते. मांस आखडलं की ती ओढली जाते आणि हाड हलतं. लगेच आला असता तर शिवली असती, आता टोकं आत ओढली गेली.

आईनं डाव्या हातानं तो अंगठा उचलून सोडून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजी बैल बी हायेत, मोट बी हाय. मोट वढायचा नाडाच तुटलाय."

पुढे पुस्तकात त्या दोरीचं नाव सापडलं, कंडरा. हाडाला हाड बांधणारे बंध तिचेच भाऊबंद. नाव छान आहे, पण आमच्याकडे फार उशिरा आलं. त्याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर आईच्या प्रत्येक भाकरीवर खळगा पडायचा, कारण थापताना अंगठा मध्ये यायचा. पाहुण्यांना ती भाकरी उलटी वाढायची. मला मात्र सुलटी, खळग्यात तेल-तिखट घालून. सासरी गोल गरगरीत भाकऱ्या मिळाल्या. सासूबाईंच्या हाताला चव होती, खोटं कशाला बोलू. तरी ताटावर बसले की माझं बोट खळगा शोधायचं.

आई गेली. तिच्यावाचून अगदीच करमेनासं झालं की मी परात ओढते आणि अंगठा आत दुमडून भाकरी थापते. खळगा काही पडत नाही. थापता थापता अंगठा आपोआप वर उचलला जातो. माझा नाडा शाबूत आहे.