खिळेमास्तरांनी बायकोसाठी केलेली खुर्ची

दुकानांतून तयार सोफे रांगेने उभे राहायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा खुर्ची माणसासाठी बेतली जायची, आणि ती बेतायची खिळेमास्तरांनी. तोंडात सदा बारीक खिळे. जिभेने एकेक पुढे सरकवायचा, लोहचुंबकी हातोडीला चिकटवायचा, कापडावर ठोकायचा. त्यामुळे बोलणं म्हणजे नुसतं 'हं'. शेजारणी म्हणायच्या, "मास्तरीणबाईंचं नशीब! उलट उत्तर न देणारा नवरा." खिळे संपल्यावर तोंडाचा पट्टा कसा सुटतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक!

मास्तरांची एक रीत होती. मोजपट्टी नंतर, आधी गिऱ्हाइकाला काथ्या भरलेल्या पोत्यावर बसवायचं. कसा टेकतो, उठताना हात कुठे जातो, ते बघायचं. जाड्या बेकरीवाल्याला तर इतक्या उठाबशा काढायला लावल्या, की तो म्हणाला, "मास्तर, खुर्ची मागितली होती, शिक्षा नाही!"

सगळ्या वस्तीच्या बुडांची अशी काळजी; घरी मात्र मास्तरीणबाई पलंगाच्या कडेवर. झोपायची खोली एवढीशी, की पलंग आणि कपाट यांच्यामधून अंग चोरून जावं. पुढे बाईंचे गुडघे गेले. पलंगावरून उठायला हात लागायचा, आणि हात देणारे दिवसभर दुकानात. लेक म्हणाली, "आई, माझ्याकडेच ये आता, कायमची." बाई तयार झाल्या.

मास्तरांनी तोंडातले खिळे ओंजळीत काढले. "जरा थांब. तुला उठता येईल अशी खुर्ची करतो."

जीव ओतला हो! सागाचा सांगाडा, स्प्रिंगा, वर पिंजलेला कापूस, पोपटी कापड. बाई बसल्या त्या खोल रुतल्या. काही केल्या उठता येईना.

"अहो, कुणाच्या मापाची केलीत ही?"

"तुझ्याच."

"मला कधी बसवलंत त्या पोत्यावर?"

बसवलंच नव्हतं. माप डोळ्यांतच होतं ना! लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आलेली, कापसाच्या ढिगात मांडी ठोकून बसलेली, केसांत कापूस अडकलेली ती पोर. खुर्ची तिच्यासाठी झाली होती: बुटकी, ऐसपैस, लोण्यासारखी मऊ. हे सांगताना मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"ती पोर म्हातारी झाली, हे कुणी कळवलं नाही वाटतं तुम्हाला?" बाईंना हसू आवरेना.

मग मास्तरांनी पोतं घरी आणलं आणि बाईंची रीतसर उठबस पाहिली. खुर्ची उसवली. पाय उंच केले, कापूस काढून काथ्या ठासला, हात पुढे वाढवले. शेवटी करवत घेतली, कारण रुंदीमुळे कपाट अर्धंच उघडत होतं.

"रुंदीला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "कपाट उघडेल तेवढं उघडेल. मी काय एकटीच बसू? टेका इथे."

मास्तर टेकले. खिडकीबाहेर विशेष काही नव्हतं. तेच दोघं बराच वेळ बघत राहिले. मग बाई हातांवर जोर देऊन आपल्या आपण उठल्या. मास्तरांना मात्र उठायला बाईंचा हात लागला.

बाईंनी लेकीला फोन लावला. "नाही येत गं. इथे एकाला उठवायला माणूस लागतं."