जीपच्या पाठीवरची चार पोती

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही रत्नागिरीकडच्या खेड्यातलं. तरी जीपच्या स्प्रिंगच्या कमानीला एक पट्टा वाढवला की तिची मागची बाजू किती उचलते, हे मी आजही हाताची चार बोटं धरून दाखवीन. नातवंडांना खोटं वाटतं. "आजी, तू आणि फोर-व्हील ड्राइव्ह?" म्हणून हसतात. हसा बाबांनो. मी काही हौसेने शिकले नाही. भीतीने शिकले.

सत्तर सालाच्या आगेमागे आम्ही भाईंदरजवळ मुर्ध्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला एका मिठागरात राहत होतो. आमचे हे तिथले राखणदार. खाडीचं पाणी आत घ्यायचं नि बाहेर सोडायचं जे दार असतं त्याला उघाडी म्हणतात, ती यांच्या ताब्यात. दार सागाचं आणि त्याच्या खुंट्यासुद्धा लाकडाच्या. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, माणसं आपापल्या घरी जातात, पण उघाडीवर कोणीतरी लागतंच. तिकडे दुर्लक्ष झालं की खाडी बांध फोडून आत येते. म्हणून आम्ही दोघं नि पलीकडच्या चार झोपड्या, एवढीच वस्ती तिथे राहायची.

पहिल्या खेपेला मला सातवा होता. आषाढ चालू होता. दुपारी पोटात दुखायला लागलं. झोपडीपासून मुर्ध्याच्या रस्त्यापर्यंत पाऊण मैलाचा मातीचा बांध होता. उन्हाळ्यात त्यावरून बैलगाडी जायची, पावसात बैल पोटापर्यंत रुतायचे. मला खाटेवर घातलं आणि चौघं निघाले. घसरायचे, खाट खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. रस्त्याला लागेपर्यंत दिवस कलला. मुलगा होता. त्याचं तोंड मी पाहिलं, पण रडणं ऐकलं नाही.

 त्यानंतर हे बांधावर जाऊन उभे राहायचे आणि चिखलाकडे बघत राहायचे. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस त्यातच उतरणार.

दुसऱ्या वर्षी माघात मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. हिशेब केला तर बाळंतपण भाद्रपदात येत होतं. म्हणजे पुन्हा तोच चिखल नि तोच बांध. माहेरी जावं तर आई गेलेली, आणि आईमागे माहेर कसलं? भाईंदर पूर्वेला माझी चुलत नणंद एका खोलीत राहायची. ती म्हणाली, "वहिनी, पाऊस लागायच्या आधी ये. दोन महिने अडचणीत काढू." मी हो म्हणणार होते. तेवढ्यात यांनी जीप आणली.

मालकांच्या गोदामामागे ती पडून होती. लष्कराच्या लिलावातली, डाव्या हाताला स्टेअरिंग असलेली. मालक म्हणाले, चालू करून दाखव आणि खुशाल वापर. दोन बैलांनी ओढत आणली. आमच्या वस्तीतली आगरी म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मिठागराची जमीन मोसमाच्या आधी अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करतात, त्या बायांची ही म्होरकी, आणि वस्तीची सुईणही तीच. म्हणाली, "काय गो बाय, बैलांना गारी ओढताना बघलंय. पन बैलांनी मोटारगारी ओढलेली आजच बघतंय."

हे हसले नाहीत. मला म्हणाले, "अगं, या खेपेला खाट नाही. तू बसून जाणार."

आता जीप म्हणजे चिखलातली राणी, असं आम्ही ऐकलं होतं. राणी पहिल्याच दिवशी बांधाच्या ओल्या तुकड्यावर गेली आणि चारी चाकं जागच्या जागी फिरवत बसली. खरं तर चारी नव्हेच, दोनच. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा गंजून अडकला होता. मग भाईंदर पूर्वेला रेल्वे फाटकाजवळ एक मिस्त्री होता, त्याला यांनी हाताला धरून आणलं. त्याने सगळं बघितलं, चहा घेतला आणि सांगितलं, "भाभी, एक बार में एक ही चीज बदलो. बदल के चलाके देखो. सब एक साथ बदलोगे तो मालूम कैसे पडेगा, कौनसी चीज धोका दे रही है?"

त्याचं हे वाक्य आम्ही सुरुवातीला पाळलं. शेवटी पाळलं नाही, ते पुढे सांगते.

आधी दांडा सोडवला. रॉकेल ओतून, ठोकून, पुन्हा ओतून, असे आठ दिवस. कंदिलाचं रॉकेल संपवलं म्हणून मी यांच्यावर ओरडले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाटली घेऊन जीपखाली शिरले. पोट अजून दिसत नव्हतं तोवर मला आत शिरता यायचं. कुठला स्पॅनर कुठल्या नटाला, हे मी आकड्यांवरून नाही, हाताला लागेल त्या जाडीवरून शिकले. मग टायर. गुळगुळीत टायर चिखलात चालत नाहीत, म्हणून मिस्त्रीने ट्रॅक्टरसारख्या खाचांचे जुने टायर मिळवून दिले. वर सांगितलं की चिखल आला की हवा कमी करा, टायर पसरला पाहिजे. ते म्हातारीला लगेच पटलं. "बरोबर हाय. आमीपन चिखलात टाच न्हाय टेकीत, पाय पसरून टाकताव."

मग धुराचा नळ. पाण्यात बुडू नये म्हणून तो मागून वळवून छपरापेक्षा उंच नेला. जीप सुरू केली की वर भसाभसा धूर. म्हातारी म्हणाली, "आता हिला पानसुपारी द्या. हुक्का तर झाला." त्या दिवशी मात्र हेही हसले. वर्षभराने हसले. मला आठवतंय, मी हातातलं फडकं तोंडावर धरून रडले होते, नि यांना वाटलं धूर डोळ्यांत गेला.

शेवटी उंची. पोट टेकलं की जीप अडकायची, म्हणून चाकांवरच्या कमानींना, म्हणजे पोलादी पट्ट्यांचा जो जुडगा असतो त्याला, लोहाराकडून एकेक जादा पट्टा घालून घेतला. जीप उचलली खरी, पण पाठीमागे ताठ झाली. रिकामी असली की मागची चाकं उडायची नि पकड सुटायची. मिस्त्री म्हणाला, "पीछे वजन डालो. रेती डालो."

आता रेती कुठून आणायची? आणि तिथे मी बोलले. आजही माझा तो आवाज मला ऐकू येतो. मी म्हटलं, "अहो, रेती कशाला? मीठ आहे की!"

मिठागरात वजन म्हटलं की मिठाचं पोतं. वाऱ्याने झावळ्यांचा झाप उडू नये म्हणून त्यावर पोतं. होडी डुलू नये म्हणून तिच्यात पोतं. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा मी मिठाची पुरचुंडी ठेवायची. गेल्या मोसमातलं मातकट मीठ कोणी उचलत नव्हतं, त्यातली चार पोती यांनी मागे रचली. जीप शहाण्या म्हशीसारखी बांधावरून गेली नि आली. उघाडीतून पाणी सोडून मुद्दाम केलेल्या चिखलातूनही गेली. हे उतरले आणि माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "बघितलंस?" एवढंच. पण मला त्यात मुलगा ऐकू आला, गेलेला.

नणंदेला निरोप पाठवला की येत नाही, जीप तयार आहे.

इथे आम्ही चुकलो. पाऊस लागल्यावर बांध उगाच खराब करायचा नाही, म्हणून जीप झापाखाली उभी केली ती हलवलीच नाही; मिस्त्रीचं 'चलाके देखो' तिथे सुटलं. आणि 'तयार' ठेवायची म्हणून पोतीही उतरवली नाहीत. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, हे कुठल्याही घरात बाईला माहीत असतं. मी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकत होते आणि चार हातांवर चार पोती थेंबथेंब गळत होती. खाली लोखंड होतं. कमानी पुन्हा बसवताना घासून उघडं केलेलं. ज्या मिठागरात उघाडीला खिळासुद्धा लोखंडाचा मारत नाहीत, मीठ ओढायची फळी लाकडाची, टोपल्या बांबूच्या, तिथली आम्ही माणसं! पण जीप आम्हाला मिठागरातली वाटतच नव्हती. ती आम्हाला देव्हाऱ्यातली वाटत होती.

कळा लवकर आल्या. श्रावण अर्धासुद्धा झाला नव्हता, मला आठवा सरत होता. सकाळी भाकरी थापताना पहिली कळ आली आणि मी परातीवर हात दाबून धरला. हाच महिना पुढेमागे, हाच बांध, हीच खाडी. मी ओरडले ते दुखण्याने नव्हे.

हे धावत गेले. जीप हँडलच्या दुसऱ्या फेऱ्यात सुरू झाली. म्हातारी नि तिच्या दोन सुना आल्या. म्हातारीने मला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः दोघींना घेऊन पाठोपाठ चालत निघाली. "मी न्हाय बसायची त्यात. माज्या पायांना चिखल समजतंय," म्हणाली.

अर्धा बांध बरा गेला. चाकं पसरून, धूर वर सोडत. मी दात आवळून यांच्याकडे बघत होते, हे समोर बघत होते, आणि आमच्या दोघांच्या मनात एकच होतं की आता होतंय. पुढे बांधाला खांड पडली होती. दहा-बारा हातांची, गुडघ्याच्या वर चिखलपाणी. भरतीचं पाणी त्यातून आत शिरत होतं. यांनी दांडा ओढला, जीप हळूच खाली उतरवली. पुढची चाकं निम्म्यावर पोचली.

तेव्हा मागून आवाज आला. मोठा नाही. वाळलेली फांदी मोडावी तसा. जीप एका बाजूला बसली आणि मागचं चाक वाकडं होऊन अंगाखाली गेलं. कमान जिथे सांगाड्याला धरलेली होती तो तुकडाच निखळला होता. हे खाली उतरले, वाकले, तिथे हात घातला नि हात वर काढला. मुठीत लोखंड नव्हतं, लाल भुसा होता. बिस्किटासारखा. हे त्या मुठीकडे बघत उभे राहिले. मी हाक मारली, ऐकू गेली नाही. पुन्हा मारली. मला कळ आली होती आणि माझा नवरा गंज हातात धरून पाण्यात उभा होता.

म्हातारी पोचली. तिने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि यांच्या पाठीत धपाटा घातला. "अरे, गारीला काय बघतंस? गारीला प्वार व्हयाचं हाय का तिला? पोती कार!"

पोती ओली होऊन आत दगडासारखी घट्ट झाली होती. तिघी बायांनी नि यांनी ती ओढून काढली आणि जीपच्या पुढच्या चाकापासून पलीकडच्या काठापर्यंत एकापुढे एक चिखलात टाकली. खांडीत पाणी ओढ घेत होतं, मीठ विरघळायला लागलं होतं, पाय ठेवला की पोतं कुरकुरायचं. हे कमरेएवढ्या चिखलात उतरून दोन्ही हातांनी पोती धरून राहिले. मी त्यांच्या डोक्यावर हात टेकून एकेक पाऊल टाकलं. नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायचा म्हणजे केवढं पाप, असं त्याही वेळी मनात आलं. चौथ्या पोत्यावर कळ आली. मी यांचे केस मुठीत धरले. 

पलीकडे काठावर बायांनी मला ओढून घेतलं. हे वर येऊ लागले तर म्हातारीने अडवलं. "तू कुठं? खांड बघ केवरी झाली. ती बुजव, न्हायतर हिला परत यायला घर न्हाय राहायचं. बालंतपनात बाप्याचं काय काम?"

उरलेला बांध मी दोन सुनांच्या खांद्यांवर लोंबकळत चालले. म्हातारी पुढे होऊन पायाने जागा चाचपायची नि सांगायची, इथे टाक, इथे नको. रस्त्यावर टांगा मिळाला. स्टेशनजवळच्या प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात पोचले न पोचले तोच पाणी गेलं. मुलगी झाली. हाताच्या ओंजळीएवढी. दोन दिवस ती जगते की नाही हे डॉक्टरीणबाई सांगत नव्हत्या. पण ती रडली. मी ते रडणं मोजत बसले. थांबलं की माझा जीव थांबायचा.

हे तिसऱ्या दिवशी आले. खांड बुजवून, अंगभर चिखलाच्या खपल्या. मुलीला हात लावायच्या आधी दोन्ही हात पुढे केले. कातडीच्या भेगांत लाल गंज बसला होता, धुऊनही न गेलेला.

"मीठ मी भरलं," म्हणाले.

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं भरायला."

"सांगितलंस तू. भरलं मी. अक्कल माझी गेली."

मग मुलगी रडली, नि आमचं ते भांडण तिथेच राहिलं. जीप पुढे खांडीतच रुतली, तिच्यावर माती टाकून यांनी बांध पक्का केला. आता तिथे काय आहे मला माहीत नाही. इमारती चढत चालल्यात म्हणतात.

हे जाऊन बरीच वर्षं झाली. यांना एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, ती इथे लिहून टाकते. आषाढात एकदा झापाखाली लाकडं काढायला गेले होते. जीपच्या खाली जमिनीवर एक तांबडा ओघळ दिसला. मी वाकून बोट लावलं. तेल असेल, असं म्हटलं. तेल तांबडं नसतं, मला माहीत होतं. रॉकेलची बाटली घेऊन मी त्या जीपखाली आठ दिवस झोपले होते. पण त्या दिवशी मी बोट पदराला पुसलं आणि लाकडं घेऊन चुलीकडे आले. पोती उतरवली तर जीप पुन्हा उडणार, चालवून बघावी लागणार, आणि बघितलं नि नाही चालली तर? मला ती तयारच हवी होती.