जेवढं सांगितलं तेवढंच

मधलेकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मध्यस्थी केंद्रात भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध बसायचं काम ते अकरा वर्षं करत होते, तेव्हा शिपायानं ठेवलेलं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, कारखान्याचा मालक आणि त्यानं कामावरून काढलेला सुपरवायझर, सगळे त्यांच्यापुढे यायचे. येताना तावातावानं यायचे, आणि जाताना निदान जिना तरी एकत्र उतरायचे.

केंद्रात खोल्या तीन. मधली मोठी, गोल टेबलाची. तिच्या दोन बाजूंना दोन लहान खोल्या. एकीच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसे, दुसरीच्या खिडकीतून नुसती भिंत. आधी सगळ्यांना मधल्या खोलीत बसवायचं, आणि आवाज चढले की एकेकाला लहान खोलीत नेऊन दार लावून ऐकायचं. त्या दारामागे माणूस जे बोलतो ते त्यानं होकार दिल्याशिवाय पलीकडे न्यायचं नाही, हा या कामाचा नियमच. उठताना काका न चुकता विचारायचे, "यातलं काय नेऊ नको?" मिळेल ते उत्तर डोक्यात ठेवून ते मधली खोली ओलांडायचे आणि दुसरं दार उघडायचे.

या बाबतीत ते भलतेच कडक होते, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या आईवडिलांचा अबोला एकेकदा महिनाभर चालायचा. थोरला भाऊ अशा वेळी घरात सापडायचा नाही आणि बहीण रांगत होती, तेव्हा निरोप्याचं काम सातव्या वर्षापासून यांच्या गळ्यात पडलं. एकदा वडील म्हणाले, सांग तिला, मला जेवायचं नाही. पोरानं स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, बाबा म्हणाले तू वाढ, मी येतोच. आई किती दिवसांनी हसली. तिनं दोन ताटं वाढली आणि वाट बघत बसली. वडील काही आले नाहीत. खरं कळल्यावर तिनं पोराच्या थोबाडीत दिली आणि मग स्वतःच रडत बसली. तेव्हापासून जेवढं सांगितलं तेवढंच सांगायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. लोकांचं इतकं पोटात ठेवता म्हणूनच तुम्हाला भूक लागत नाही, अशी बायको चेष्टा करायची.

गणवेश शिवणाऱ्या दोघी बहिणी त्यांच्याकडे आल्या त्या एका बाहीपायी. थोरली कापड बेतायची आणि कापायची, धाकटी शिवायची. चोवीस वर्षं एकच टेबल, एकच दिवा. एक दिवस धाकटीनं शिवलेल्या कोटाची बाही थोरलीनं गिऱ्हाइकासमोर उसवली. बाही चुकली होती यात शंका नाही. पण म्हणून चारचौघांत उसवायची? तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. त्याच टेबलाशी बसून चार महिने चिठ्ठ्यांवर कारभार चालला, 'छाती बत्तीस', 'खिसा डावीकडे'. शेवटी धाकटीनं वेगळं व्हायचं ठरवलं.

तिला काकांनी भिंतीच्या खोलीत बसवलं. तिनं अर्धा तास बहिणीची उणीदुणी काढली, आणि ती संपल्यावर खाली बघत म्हणाली, "ताईनं एकदा 'जाऊ नको' म्हटलं ना, तर मी हे कागद आत्ता फाडते. पण हे तिच्या कानावर जाता कामा नये. तुम्ही सांगून तिनं म्हटलेलं मला नको."

पलीकडे थोरली खिडकीतून खाली गाड्या बघत बसली होती. तिचंही बोलून झालं, आणि उठता उठता काकांनी नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, "जाऊ नको, हे माझ्या अगदी ओठांवर आहे. पण जी निघालीच आहे तिच्यापुढे मी पदर पसरणार नाही. तिनं एकदा विचारू दे, ताई, राहू का. एवढंच तेवढं नेऊ नका."

दोन दारांमधली ती बारा पावलं काका त्या दिवशी फार हळू चालले. दोन्हीकडचं एकच वाक्य त्यांच्या पोटात होतं आणि दोन्हीकडून तेवढंच न्यायला मनाई होती. त्यांनी दोघींना गोल टेबलाशी आणलं आणि तीनदा विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का. दोघी हाताची घडी घालून टेबलाकडे बघत राहिल्या. मग सह्या झाल्या. टेबल आणि कात्री थोरलीकडे, मशीन धाकटीकडे. कुठे आवाज चढला नाही, कोणी रडलं नाही. केंद्राच्या मुख्य बाईंनी तर नव्या मध्यस्थांना शिकवताना या प्रकरणाचा दाखला दिला. काका मागच्या बाकावर मूग गिळून बसले होते.

नऊ महिन्यांनी, एका दुपारी, धाकटी एकटीच आली. थोरली गेली, म्हणाली. कापड कापता कापता खाली बसली ती उठलीच नाही, शेजारच्या दुकानदारानं पाहिलं. हे सगळं तिनं कोरड्या आवाजात सांगितलं आणि मग विचारलं, "काका, त्या दिवशी त्या खोलीत ताई माझ्याबद्दल काय बोलली?"

नियमाचं वाक्य काकांच्या जिभेवर तयार होतं. मेलेल्या माणसाचा होकार कोणाकडून आणणार? दुसराही एक रस्ता होता, काही विशेष नाही म्हणून सांगायचा. ते खोटं ऐकून ही बाई निदान झोपू तरी शकली असती. त्यांना ती दोन वाढलेली ताटं आठवली, आणि आईचं तोंड. त्यांनी जेवढं थोरली बोलली होती तेवढंच सांगितलं, तिच्याच शब्दांत.

"म्हणजे तुम्हाला दोघींचंही माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती उठली, भिंतीच्या खोलीत गेली आणि मागच्या वेळी बसली होती त्याच खुर्चीत बसली. काका तिच्यामागे गेले आणि दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कधी एवढी स्वतःची लाज वाटली नव्हती.

"विचारा ना," ती म्हणाली. "तुम्ही जाताना विचारता ते."

काकांनी विचारलं, "यातलं काय नेऊ नको?"

"सगळं न्या. सांगा तिला, ताई, राहू का."

काकांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं. मधली खोली ओलांडून त्यांनी समोरचं दार उघडलं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. काकांनी खुर्ची बाहेर ओढली, तिच्यासमोर नेहमीच्या जागी ते बसले आणि निरोप सांगितला. अक्षर वाढवलं नाही, कमी केलं नाही.

पलीकडे माणूस उत्तराची वाट बघत असेल तर त्याला ताटकळत ठेवायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता. तरी ते बसून राहिले.