वर्षाराणीनं पेटवलेला ग्रह

वर्षाराणी पंधरा वर्षं फुलेवाडीत पिठाची गिरणी चालवते. सासूबाईंनी गिरणी तिच्या हाती दिली, त्याच महिन्यात तिनं एक मोटर जाळली होती. गेलेली लाईट परत आली तेव्हा चक्की आणि मिरचीचं कांडप, दोन्हींचे खटके वर, म्हणजे चालूच राहिले होते, आणि दोन्ही एकदम सुरू झाली. एवढा धूर झाला की गिऱ्हाइकं डबे टाकून पळाली. तेव्हापासून लाईट गेली की तिचा हात आधी खटक्यांकडे जातो.

नवरा कृष्णात एसटीत ड्रायव्हर. सुट्टीला तो गिरणीमागच्या खोलीत कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत बसतो. बर्फाळ ग्रहावर वस्ती उभी करायची. घरं, भाजीचं काचघर, प्राणवायूचं यंत्र, आणि त्या सगळ्याला लागणारी वीजही आपणच तयार करायची. त्याच्या वस्तीत बेचाळीस माणसं होती. वर्षाराणी त्यांना ‘फुकटे भाडेकरू’ म्हणायची.

एका रविवारी दुपारी आतून आरोळी आली, "मेली की सगळी!"

ती पिठाच्या हातांनीच धावली. पडद्यावर अंधार होता आणि कोपऱ्यात लाल अक्षरं: प्राणवायू सहा मिनिटं.

"काय केलासा?"

"नवी भट्टी जोडली, तर सगळंच बंद पडलं. जनित्राला गॅस पायजे. गॅस उपसायच्या पंपाला वीज पायजे. आणि वीज तर जनित्रातनंच येती! संपलं आता."

"बॅटरी?"

"रिकामी. एक सौर पॅनेल तेवढं चालू हाय, पण त्याची वीज येती तशी जाती."

"खटके किती वर हायत?"

"सगळंच."

"मग कशी टिकंल? सगळी घरं ती इवलीशी वीज चाटून टाकत्यात. सरका बाजूला."

खुर्चीत बसून तिनं एकेक जोडणी तोडायला सुरुवात केली. भट्टी, दिवे, काचघर, घरांची ऊब. शेवटी प्राणवायूचं यंत्रसुद्धा.

"अगं, ते नको!" कृष्णात ओरडला.

"हवा चार मिनिटं हाय अजून. गप बसा."

आता पॅनेलची वीज फक्त बॅटरीत जात होती. दोन टक्के. तीन. बाहेरून कुणी हाक मारली, "दळण झालं का वो?"

"माणसं मरायला लागल्यात, थांबा जरा!" ती आतून ओरडली. बाहेर कुणाचा तरी डबा खाली पडला.

बॅटरी नऊ टक्क्यांवर आली तसा कृष्णातचा हात माऊसकडे गेला. तिनं तो झटकला. बारा टक्के झाल्यावर तिनं एकटा पंप जोडला. बॅटरी भराभरा उतरू लागली, पाच, चार, तीन... आणि नळीतून गॅस जनित्रापर्यंत पोचला. जनित्र घरघरलं. पडद्यावरचा विजेचा काटा हिरव्यात गेला.

"आलं! आलं की वो!" ती खुर्चीतून उडालीच. पुढच्या क्षणी तिनं प्राणवायूचं यंत्र जोडलं. चाळीस सेकंदांची हवा उरली होती.

मग घरं, चार-चार करून. काटा थरथरून स्थिर झाला की पुढची चार. भट्टी आणि काचघर मात्र एकत्र झेपेनात. शेतीच्या पंपाला देतात तशी तिनं त्यांना पाळीनं वीज लावून दिली. काचघरातली भाजी तोवर गोठून गेली होती, तिचं काही करता आलं नाही. पण माणसं बेचाळीसच्या बेचाळीस जिवंत होती.

कृष्णातनं विचारलं, "हे तुला कुणी शिकिवलं?"

"जळक्या मोटरनं," ती म्हणाली. माऊस पिठानं पांढरा झाला होता. "आता तुम्ही बाहेर जावा, ते गहू दळून द्या. मला दुसरं जनित्र बसवायचंय."

तो गेला. खरंच गेला.

गेल्या आठवड्यात तिनं डोंगरापलीकडे दुसरी वस्ती वसवली. दोन्हींमध्ये तार टाकायची, एकीला वीज कमी पडली की दुसरीनं पुरवायची, असा तिचा बेत आहे. तारेला खांब किती लागतील, हे ती चक्की चालू असतानाही मोठ्यानं सांगत असते, आणि गिऱ्हाइकं आता डबा घेतल्यावरही ऐकत उभी राहतात.